गिऱ्हाइकांची यादी विकू का?

प्रश्न : देवगडजवळ आमची हापूसची कलमं आहेत. चारपाच वर्षं झाली, दलाल सोडून पेट्या थेट पुण्या-मुंबईला पाठवतो, ऑर्डर व्हॉट्सॲपवर, नाव-पत्ता-नंबर सगळं एक्सेलमध्ये, सहाशेच्या वर गिऱ्हाइकं झालीत. आता प्लॉट विकणारा एक एजंट म्हणतो यादी द्या, रोख पैसे देतो. घरचे म्हणतात नुसते नंबरच तर आहेत, यंदा मोहोर पण गळलाय. काय करू?

उत्तर : ताई, नका देऊ. मोहोर गळला की घरात कशी ओढाताण होते ते माहितीय मला, तरी नकाच देऊ. लोकांनी पत्ता दिला तो पेटी घरी यावी म्हणून, प्लॉटवाल्याचा फोन यावा म्हणून नाही, आणि २०२३चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा पण हेच सांगतो, ज्या कामासाठी माहिती घेतली त्याच कामाला वापरा, दुसऱ्याला द्यायची तर आधी त्या माणसाला विचारा. नुसता नंबर ही पण वैयक्तिक माहितीच. आणि तुमची यादी धंद्याची आहे, घरगुती वापराची सूट तिला नाही.

नियम नोव्हेंबर २०२५ला आले, मुख्य बंधनं मात्र १८ महिन्यांनी, म्हणजे मे २०२७पासून. म्हणून कुणी सांगेल तोवर विकून मोकळे व्हा. मला हे अजिबात पटत नाही, खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे असं सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायाधीशांनी २०१७लाच एकमताने सांगितलंय.

पुढे गिऱ्हाईक तुम्हाला विचारू शकेल की माझी काय माहिती ठेवलीय, कुणाला दिली, आता ती पुसून टाका, आणि तुम्ही दाद दिली नाही तर डेटा संरक्षण मंडळाकडे जाईल. माहिती नीट सांभाळली नाही म्हणून दंड २५० कोटींपर्यंत होऊ शकतो, अर्थात चूक केवढी ते बघूनच मंडळ आकडा ठरवणार. पण तो पैसा सरकारी तिजोरीत जातो, ज्याचा नंबर विकला गेला त्याच्या हातात रुपया पडत नाही, हे मला फार खटकतं. म्हणून तर यादी ज्याच्याकडे आहे त्यानेच ती जपायला हवी.

एक्सेलला पासवर्ड घाला. आणि गिऱ्हाइकांचा ग्रुप केला असेल तर आजच बंद करा, त्यात सगळ्यांचे नंबर सगळ्यांना दिसतात. त्याऐवजी ब्रॉडकास्ट लिस्ट करा, एका लिस्टमध्ये २५६ जण बसतात म्हणजे तुम्हाला तीन लागतील, फक्त तुमचा नंबर त्यांनी सेव्ह केलेला हवा, नाहीतर मेसेज पोचत नाही.