सेकंड लाइफमधील संगीत महोत्सवाला प्रथमच जाताना

सेकंड लाइफमधील संगीत महोत्सवाला आपण नाशिकहून प्रथमच हजर राहणार असाल, तर सर्वांत आधी वेळेचा हिशेब करा. २००३ साली खुल्या झालेल्या, संगणकावरून वावरायच्या या आभासी जगाचे घड्याळ अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याप्रमाणे चालते. त्यामुळे जूनमध्ये तेथील सायंकाळी ७ चा कार्यक्रम आपल्याकडे दुसऱ्या दिवशी सकाळी ७.३० ला सुरू होतो, आणि रविवारच्या मिसळीचा बेत पुढे ढकलावा लागतो.

रंगमंचासमोर पोहोचूनही काहीच ऐकू आले नाही, तर संगणकाला दोष देऊ नका. गाणे त्या जागेला जोडलेल्या ऑडिओ स्ट्रीममधून येते आणि त्यासाठी स्क्रीनच्या वरच्या कोपऱ्यातील प्लेचे बटण आपणच दाबायचे असते. कलाकार बहुधा स्वतःच्या घरात बसून गात असतो व त्याचा आवाज आपल्यापर्यंत काही सेकंद उशिरा पोहोचतो, म्हणून चॅटमध्ये दिलेली दाद पुढचे गाणे सुरू झाल्यावर त्याच्या नजरेस पडली, तरी संकोच करू नये.

खरी अडचण गर्दीची असते. प्रत्येक क्षेत्राची प्रवेशमर्यादा ठरलेली असते, तेव्हा अर्धा तास आधी जावे. अवताराचे, म्हणजे आपल्या तेथील आभासी रूपाचे, जड दागिने व गुंतागुंतीचे केस उतरवून ठेवावेत आणि सेटिंगमध्ये दूरवरची दृश्ये कमी करावीत, म्हणजे चित्र अडखळत नाही. मायक्रोफोन आठवणीने बंद ठेवावा, कारण आपल्या कुकरच्या शिट्ट्या कोणालाही ऐकायच्या नसतात. प्रवेश बहुधा विनामूल्य असला, तरी कलाकाराच्या टिपपेटीत थोडे लिंडन डॉलर (तेथील चलन) अवश्य टाकावेत.