फुकटातलं सॉफ्टवेअर मोठ्या कंपनीनं घेतलं, आता आपलं काय?

प्रश्न: दादा, दारव्हा तालुक्यात माझं कृषी केंद्र आहे. बिलाचं आन उधारीचं सॉफ्टवेअर यवतमाळच्या एका पोरानं बनवून दिलं, आतमंधी सगळी माहिती साठवणारा मायएसक्यूएल डेटाबेस आहे म्हणे. आता भाचा म्हणते का ते ओरॅकलनं केव्हाचंच विकत घेतलं, एखाद्या दिवशी पैसे मागतीन नाहीतर बंद करतीन. खरं आहे का हे? खरीप तोंडावर आला आन सगळ्या गावाची उधारी त्याच्यात आहे.

उत्तर: भाऊ, भाच्याची अर्धी गोष्ट खरी आहे. २००८ मध्ये सन मायक्रोसिस्टिम्स या अमेरिकन कॉम्प्युटर कंपनीनं मायएसक्यूएलवाली कंपनी जवळपास १०० कोटी डॉलरला घेतली, आन २०१० च्या जानेवारीत ओरॅकलनं ती सनच घेऊन टाकली. ओरॅकलचा धंदाच महागड्या डेटाबेसचा, त्याच्या घरात हा फुकटवाला आला म्हटल्यावर लोकं घाबरले ते काही उगाच नाही, युरोपियन कमिशननं सुद्धा सौदा अडवून तपासला आन ओरॅकलनं जाहीर आश्वासनं दिली तेव्हा कुठं परवानगी भेटली.

पण अशा सौद्यात हातात येते काय ते पहा. नाव, ट्रेडमार्क, तिथले इंजिनिअर, गिऱ्हाइकांचे करार, आन कंपनीच्या मालकीचा जेवढा कोड, म्हणजे सॉफ्टवेअर ज्यानं बनते तो मजकूर, आहे त्याचा कॉपीराइट. तुमच्या दुकानात मायएसक्यूएलची फुकटवाली कम्युनिटी आवृत्ती असीन तर ती जीपीएल लायसन्सखाली, म्हणजे कोणीही वापरा, बदला आन पुढं वाटा अशा परवानगीखाली, वाटलेली आहे, आन अटी पाळणाऱ्याकडून ते लायसन्स माघारी घेता येत नाही. एखाद्यानं आपल्या देशी वाणाचं बियाणं गावभर वाटलं आन मंग वावर विकलं, त नव्या मालकाले वावर भेटते, लोकांच्या घरातलं बियाणं नाही भेटत. पुढचं पीक तो कुलपात ठेवू शकते, ते वेगळं. ओरॅकलनं तेही केलं नाही, कम्युनिटी आवृत्ती आजही फुकटच आहे, पैसे घेतात ते वरच्या एंटरप्राइझ आवृत्तीचे.

आन ज्यांचा भरोसा उडाला ते तोच कोड घेऊन वेगळे निघाले, याले फोर्क म्हणतात. मायएसक्यूएलचा मूळ कर्ता मायकेल विडेनियस यानंच २००९ मध्ये मारियाडीबी काढला, मारिया हे त्याच्या धाकट्या पोरीचं नाव. याच माणसाची कंपनी आधी सनला विकल्या गेली होती आन मंग हाच मायएसक्यूएल वाचवा म्हणून मोहीम चालवत होता, मले तर त्याची जरा गंमतच वाटते, पण काम पक्कं केलं, २०१३ मध्ये विकिपीडिया सुद्धा मारियाडीबीवर गेला. मंग मारियाडीबीची कंपनीही २०२४ मध्ये एका गुंतवणूक कंपनीनं घेतली. कोड तिथंही जीपीएलच.

म्हणून सांगतो भाऊ, तुमचा धोका ओरॅकल नाही, तो यवतमाळचा पोरगा आहे. डेटाबेस खुला आहे पण त्याच्यावरचं बिलाचं सॉफ्टवेअर त्याचं स्वतःचं, कोड त्याच्याजवळ, पासवर्ड त्याच्याजवळ, आन उद्या त्याले पुण्यात नोकरी लागली आन फोन उचलणं बंद झालं की तुम्ही जूनच्या गर्दीत गल्ल्यावर बसून काय करसान? त्याले आताच बोलवा, डेटाबेसचा मुख्य पासवर्ड वहीत लिहून घ्या, आन मायएसक्यूएल डंप नावाची कमांड असते तिनं समोर बसून बॅकअप काढायला लावा. जी फाइल बनते ती साधी नोटपॅडमध्ये उघडून पहा. आधी ‘क्रिएट टेबल’ असं काहीबाही दिसीन, मंग ‘इन्सर्ट इंटू’च्या लांबच लांब ओळी, आन त्या ओळींमध्ये तुमच्याच गिऱ्हाइकांची नावं, युरियाच्या बॅगा, कपाशीची पाकिटं, कोणाकडं किती बाकी, सगळं वाचता येते. नावं दिसली म्हणजे काम झालं, ही फाइल मारियाडीबीतही चढवता येते, कधीकधी थोडा बदल करावा लागते. पेनड्राइव्हवर एक कॉपी घरी ठेवा, दुकानात नको.

प्रश्न: सर, मी पुसदला बीएस्सी करून राहिली. कॉलेजच्या सरांनी सेंटओएसवर लिनक्स शिकवलं आन आता सगळीकडे वाचते का सेंटओएस संपलं. आयबीएमनं बंद केलं का? मग मी शिकलेलं वाया गेलं का?

उत्तर: ताई, वाया काहीच नाही गेलं, पण राग यावा अशी गोष्ट आहे खरी. रेड हॅट ही लिनक्स विकणारी कंपनी आन सेंटओएस म्हणजे तिच्याच लिनक्सची फुकटवाली नक्कल. रेड हॅटनं सेंटओएसला २०१४ मध्ये आपल्या छत्रीखाली घेतलं, मंग २०१९ च्या जुलैत आयबीएमनं रेड हॅटच घेतली, ३,४०० कोटी डॉलरला. डिसेंबर २०२० मध्ये जाहीर झालं की सेंटओएस ८ चे अपडेट २०२१ च्या शेवटी थांबणार, आधी कबूल केले होते २०२९ पर्यंत. आयबीएमनं सांगितलं का रेड हॅटनं स्वतः केलं यावर लोकं अजून भांडतात, रेड हॅट म्हणते निर्णय आमचाच.

इथं वरच्या भाऊंना दिलेल्या उत्तराची दुसरी बाजू दिसते. लायसन्स कोड वाचवते, रोज सिक्युरिटीचे पॅच, म्हणजे दुरुस्त्या, बनवणाऱ्या माणसांचा पगार नाही वाचवत. सर्व्हरवर सेंटओएस ८ होतंच, कोणी काढून नाही नेलं, पण पॅचशिवाय सर्व्हर चालवणं म्हणजे जोखीम. २०२१ मध्येच सेंटओएसच्या जागी रॉकी लिनक्स आन अल्मालिनक्स आले, रॉकी सुरू करणारा ग्रेगरी कुर्त्झर सेंटओएसच्या पहिल्या लोकांपैकीच. तुम्ही शिकल्या त्या कमांड तिथं जशाच्या तशा चालतात. अल्मा टाका आन पुढं शिका, सरांनाही सांगा.

प्रश्न: आर्वीले माझा कॉम्प्युटर क्लास आहे, पोरांले वर्ड-एक्सेलसारखं फुकटवालं ओपनऑफिस शिकवतो. चालते का अजून?

उत्तर: सोडा ते. सनसोबत तेही ओरॅकलच्या हातात गेल्यावर २०१० च्या सप्टेंबरात त्याच्यावर काम करणारे बरेच जण निघून गेले आन तोच कोड घेऊन लिबरऑफिस काढलं, ओरॅकलनं २०११ मध्ये ओपनऑफिस खुलं सॉफ्टवेअर सांभाळणाऱ्या अपाचे फाउंडेशनला देऊन टाकलं, नाव तिकडं राहिलं आन काम करणारे हात इकडं आले. लिबरऑफिस टाका, ओपनऑफिसच्या जुन्या ओडीटी फायली उघडतीन. श्रीलिपी या जुन्या मराठी फॉन्टात टाइप केलेल्या फायलींमध्ये अक्षरं गचाळ दिसली त दोष लिबरऑफिसचा नाही, त्याच्यासाठी तो फॉन्ट टाकावा लागते नाहीतर युनिकोडमध्ये, म्हणजे सगळीकडे सारख्या दिसणाऱ्या अक्षरांत, बदलून घ्याव्या लागतात.