गळ, रीळ आणि दुकान: खरेदीविषयी वाचकांचे प्रश्न

या वेळी आलेल्या पत्रांपैकी बहुतेक पत्रांचा विषय एकच आहे: मासेमारीचे साहित्य जवळच्या लहान दुकानातून घ्यावे, मोठ्या साखळी दुकानातून घ्यावे की ऑनलाइन मागवावे? प्रत्येक वस्तूला हे उत्तर वेगळे असल्यामुळे प्रश्न सुटे सुटे घेतो.

प्रश्न: मी गळाने मासे धरायला नुकतीच सुरुवात केली आहे. मोठ्या दुकानात रॉड, रीळ, दोरी आणि गळांची डबी असा तयार संच स्वस्तात मिळतो. लहान दुकानात प्रत्येक वस्तू सुटी घ्यावी लागते. पहिली खरेदी कुठे करावी?

उत्तर: लहान दुकानात करावी, असे माझे स्पष्ट मत आहे. तयार संच कोणत्याही एका पाण्यासाठी बनवलेला नसतो. तो सगळीकडे विकला जावा म्हणून सगळीकडे थोडाथोडा चालेल असाच ठेवलेला असतो, आणि त्यातल्या रिळावर आधीच गुंडाळलेली दोरी बहुधा ताठ असते व महिनोन्महिने एकाच वेटोळ्यात राहिल्याने फेकताना स्प्रिंगसारखी उसळते. नवशिक्याला वाटते की आपल्यालाच फेकता येत नाही. खरे तर दोष त्या दोरीचा असतो, पण हे सांगणारे जवळ कोणी नसल्याने पुष्कळ जण दोन-चार फेऱ्यांतच नाद सोडून देतात.

चांगला दुकानदार वस्तू दाखवण्याआधी प्रश्न विचारतो. पाणी वाहते आहे की साठलेले, तळ खडकाळ आहे की गाळाचा, काठावरून फेकणार की होडीतून, आणि मनात कोणता मासा आहे, या चार उत्तरांवर रॉडची लांबी, दोरीची जाडी आणि वजन ठरते. माझे पहिले रीळ भरून देणाऱ्या दुकानदाराचे हात मला अजून आठवतात. त्यांनी ओल्या फडक्याच्या चिमटीत दोरी धरली, मला हँडल फिरवायला लावले, आणि पंधरा-वीस फेरे झाल्यावर दोरी सैल सोडून पाहिली. ती लगेच स्वतःभोवती पिळवटली, तेव्हा त्यांनी जमिनीवरचे दोरीचे बंडल उलटे केले आणि पुढची सगळी दोरी सरळ बसली. स्पूलच्या, म्हणजे रिळावर दोरी गुंडाळली जाते त्या चकरीच्या, काठाला सुमारे दोन मिलिमीटर जागा उरली तिथे ते थांबले, कारण त्याहून जास्त भरली तर दोरीचे वेटोळे एकदम सुटतात आणि कमी भरली तर फेक आखूड पडते. शेवटी दोरीचे टोक लहान तराजूला बांधून त्यांनी ड्रॅग, म्हणजे मासा ओढू लागल्यावर दोरी किती जोराला सुटावी हे ठरवणारा रिळाचा ब्रेक, लावून दिला. दोरी चार किलोची होती, म्हणून एक किलोचा ओढा आला की रीळ सुटले पाहिजे, म्हणजे दोरीच्या ताकदीच्या चौथ्या ते तिसऱ्या हिश्शापर्यंत, हा हिशेब मी त्या दिवशी शिकलो. त्या दहा मिनिटांत मिळालेले शिक्षण कोणत्याही खोक्यावर छापलेले नसते.

ज्या लहान दुकानात असा एकही प्रश्न विचारला जात नाही, तिथे मात्र केवळ ते लहान आहे म्हणून खरेदी करण्याचे कारण नाही.

प्रश्न: मला हवा असलेला रॉड आणि रीळ ऑनलाइन बऱ्याच कमी भावात दिसते. मॉडेल तेच असेल तर धोका काय?

उत्तर: ते मॉडेल तुम्ही हातात धरून पाहिलेले असेल आणि विक्रेता कंपनीच्या अधिकृत यादीतला असेल, तर धोका फारसा नाही. न पाहता मागवण्यात मात्र दोन-तीन गोष्टी निसटतात. रिळाचा आकार सांगणारा 2500 किंवा 4000 हा आकडा सर्व कंपन्यांत सारखा नसतो. एका कंपनीचे 2500 दुसऱ्या कंपनीच्या 3000 एवढे भरू शकते. रॉडचा तोलही चित्रात कळत नाही. रीळ लावून रॉडला रिळाच्या किंचित पुढे एका बोटावर आधार द्यावा. टोक झपकन खाली गेले, तर तासाभराच्या फेकीनंतर मनगट दुखणार हे नक्की.

दुसरा धोका वाहतुकीचा. मी एकदा मागवलेला रॉड वरवर धडधाकट आला, पण टोकाच्या गाइडमधील, म्हणजे दोरी ज्यातून ओवली जाते त्या कडीतील, सिरॅमिकच्या कड्याला केसाएवढी चीर होती. तिसऱ्या फेरीत दोरी पुन्हा पुन्हा एकाच जागी विसविशीत होऊन तुटू लागली, तेव्हा ते लक्षात आले आणि तोवर परतीची मुदत संपलेली होती. म्हणून पार्सल आल्याच्या दिवशीच प्रत्येक गाइडच्या आतून कापसाचा बोळा फिरवावा. कुठेही कापसाचा तंतू अडकला तर तिथे चीर आहे असे समजावे. खोके उघडण्याआधीचे आणि उघडतानाचे छायाचित्र ठेवावे, आणि दोन भागांचा रॉड असेल तर सांधा बसवून तो हलतो का ते पाहावे.

नकली मालाचा प्रश्नही आहे, आणि तो विशेषतः विणलेल्या दोऱ्या व नावाजलेल्या कृत्रिम आमिषांच्या बाबतीत जाणवतो. रास्त भावाच्या निम्म्याहून कमी भाव दिसला, तर तो भाव हीच पहिली शंका मानावी.

प्रश्न: दोरी तर सीलबंद असते. तीही दुकानातूनच घ्यावी का?

उत्तर: दोरीचे उत्तर तिच्या प्रकाराप्रमाणे बदलते, आणि या प्रश्नाला मी थोडा अधिक वेळ देतो, कारण मासा सुटण्याचे कारण बहुतेक वेळा दोरीत किंवा गाठीत असते.

तंगूस म्हणजे एकेरी नायलॉनची दोरी. ती ताणली जाते, धक्का सोसते, स्वस्त असते आणि नवशिक्याच्या चुका पोटात घालते. पण ऊन तिचा शत्रू आहे. अतिनील किरणांनी ती आतून ठिसूळ होत जाते आणि वरून तसे काही दिसत नाही. म्हणून काचेच्या दर्शनी खिडकीत वर्षभर उन्हात पडलेले बंडल सीलबंद असले तरी घेऊ नये, मग दुकान लहान असो की मोठे. इथे खप जास्त असलेल्या मोठ्या दुकानाचा फायदा असतो, कारण माल फार काळ पडून राहत नाही. उलट, लहान दुकानदाराकडे मोठे बंडल असेल आणि तो हव्या तेवढ्या लांबीची दोरी यंत्रावर ताण देऊन रिळात भरून देत असेल, तर त्याच्याकडूनच घ्यावी. दोन बोटांत घट्ट ओढून एक साधी गाठ मारावी आणि झटका द्यावा. दोरी चटकन तुटली तर ती घेऊ नये, आणि चांगला दुकानदार ही परीक्षा आनंदाने करू देतो.

फ्लुरोकार्बन ही वेगळी जात आहे. जपानमधील कुरेहा कंपनीने 1971 साली ती मासेमारीसाठी आणली. तिची घनता सुमारे 1.78 आहे, नायलॉनची 1.14, आणि पाण्याची 1, म्हणून ती झपाट्याने बुडते. पाण्यात प्रकाश वाकवण्याचा तिचा गुण पाण्याच्या जवळ असल्यामुळे ती कमी दिसते. ती पाणी शोषत नाही आणि उन्हाला नायलॉनहून चांगली तोंड देते, त्यामुळे मूळ सीलमध्ये असेल तर ऑनलाइन घेण्यास माझी हरकत नाही. खोक्यावर फ्लुरोकार्बनचा केवळ लेप आहे की संपूर्ण दोरीच त्याची आहे, एवढे मात्र वाचून घ्यावे. दोहोंच्या भावात आणि वागण्यात पुष्कळ फरक असतो.

विणलेली पॉलिएथिलीनची दोरी जवळजवळ ताणली जात नाही आणि पाण्यावर तरंगते. ती कोऱ्या स्पूलवर थेट गुंडाळली तर जोराच्या ओढीला सगळा गुंडाळा एकसंध फिरतो, आणि ड्रॅग बिघडला असे वाटते. खाली थोडा तंगूस गुंडाळून त्याला ती जोडली की हा त्रास संपतो. ती कुठूनही घ्यावी, पण पहिल्यांदा ती भरून घेण्यासाठी लहान दुकानात जावे आणि त्या कामाचे पैसे द्यावेत.

प्रश्न: लहान दुकानात जाऊन वस्तू हाताळायची, सल्ला घ्यायचा आणि नंतर फोनवरून स्वस्तात मागवायची, हे चुकीचे आहे का?

उत्तर: होय, चुकीचे आहे. दुकानदाराने तुमच्यासाठी रॉडवर रीळ चढवले, तोल दाखवला, या आठवड्यात पाणी कसे आहे ते सांगितले, आणि त्या सगळ्याचे मोल त्याला फक्त विक्रीतूनच मिळते. ते ज्ञान फुकट घेऊन भाव दुसरीकडे देणे म्हणजे त्याच्या वेळेची उचल करून ती परत न करणे आहे.

पण याचा अर्थ मोठा फरक निमूट सोसावा असा नाही. ऑनलाइन दिसलेला भाव दुकानदाराला सरळ सांगावा. कित्येकदा तो जवळपास येतो, किंवा दोरी भरून देणे, वर्षभरानंतर रीळ उघडून तेल-ग्रीस करणे असे काही त्यात धरून देतो, आणि मग हिशेब बरोबरीचा होतो. येतच नसेल, तर त्याच्याशी प्रामाणिक राहून रॉड बाहेरून घ्यावा, आणि गळ, वजने, आमिष व दुरुस्ती यांसाठी त्याच्याकडेच जावे. रीळ बिघडते ते ऐन हंगामात, आणि बेलची, म्हणजे दोरी स्पूलवर नेणाऱ्या तारेच्या कमानीची, लहानशी स्प्रिंग तुटली तर ती ड्रॉवरमधून काढून त्याच दुपारी बसवून देणारा माणूस तोच असतो.

प्रश्न: गळ, स्विव्हल (दोरीला पीळ पडू न देणारी फिरती कडी), शिशाची वजने अशा बारीकसारीक वस्तूंचे काय?

उत्तर: आकडा पक्का ठाऊक असेल तर या वस्तू घाऊक पुडीत मोठ्या दुकानातून किंवा ऑनलाइन घ्याव्यात. गळाच्या आकड्यांचा गोंधळ तेवढा लक्षात ठेवावा: 10 नंबरचा गळ 4 नंबरहून लहान असतो, 1 नंबरपर्यंत आकडा उतरत जातो आणि आकार वाढत जातो, आणि पुढे 1/0, 2/0 असे आकडे आकाराबरोबर चढू लागतात. शिवाय दोन कंपन्यांचा एकाच नंबरचा गळ सारखा निघेलच असे नाही, म्हणून पहिली पुडी हातात पाहून घ्यावी.

प्रश्न: मोठ्या साखळ्यांनी लहान दुकाने संपवली, मग त्यांच्याकडे पाऊल तरी का टाकावे?

उत्तर: तुमचा राग मला समजतो. अनेक ठिकाणी तसे घडले आहे आणि त्याचे मलाही वाईट वाटते. तरी या साखळ्या मुळात याच छंदातून उगवल्या आहेत, हेही खरे आहे. बास प्रो शॉप्स ही अमेरिकेतील अवाढव्य साखळी 1972 साली जॉनी मॉरिस यांनी मिसूरीतील स्प्रिंगफील्डमध्ये, वडिलांच्या दारूच्या दुकानातील आठ चौरस फुटांच्या जागेत सुरू केली. तिने 2017 साली विकत घेतलेली कॅबेलाज ही कंपनी 1961 साली नेब्रास्कातील चॅपेल या लहान गावातून, हाताने बांधलेली माशीच्या रूपातील आमिषे टपालाने विकत सुरू झाली होती. टपालाने साहित्य मागवणे तर त्याहूनही जुने आहे. टपालाने साहित्य विकणाऱ्या ऑर्व्हिस या अमेरिकी कंपनीची स्थापना 1856 सालची आहे.

म्हणून मोठ्या दुकानाला मी शत्रू मानत नाही. तिथे एकाच भिंतीवर पन्नास रॉड शेजारी शेजारी लावलेले असतात, आणि कोणी मागे उभे न राहता तास दोन तास ते वाकवून पाहता येतात. डोळा आणि हात तयार करण्यासाठी याहून चांगली जागा नाही. मात्र तिथला विक्रेता महिन्याभरापूर्वी दुसऱ्या विभागात असू शकतो, त्यामुळे आपल्या नदीचा किंवा खाडीचा सल्ला त्याच्याकडे मागू नये.

प्रश्न: मी स्त्री आहे आणि गेली सहा वर्षे मासे गरवते. दुकानात गेले की सगळे माझ्यासोबतच्या पुरुषाशी बोलतात. मी ऑनलाइनच का घेऊ नये?

उत्तर: ताई, तुम्ही ऑनलाइन घेतले तर त्यात तुमची काहीही चूक नाही. जे दुकान तुमच्या सहा वर्षांच्या अनुभवाकडे पाहत नाही, त्याने तुमची खरेदी गमावलेली आहे. तरीही एकदा एकटीने, गर्दी नसलेल्या वेळी, आपले रीळ सोबत घेऊन दुसऱ्या एखाद्या दुकानात जाऊन पाहावे आणि नेमकी अडचण सांगावी, उदाहरणार्थ ड्रॅग धक्के देत सुटतो किंवा बेल पूर्ण मिटत नाही. जो दुकानदार उत्तर देण्यासाठी तुमच्याकडून रीळ हातात मागून घेतो आणि तुमच्याशीच बोलतो, तो जपावा. काउंटरवर कोणाशी कसे बोलावे हे दुकानदारांनी शिकणे त्यांच्याच टिकण्यासाठी गरजेचे आहे, आणि ते सांगायला मी या स्तंभातून संकोच करणार नाही.

प्रश्न: जिवंत आमिष ऑनलाइन मिळते. ते घ्यावे का?

उत्तर: घेऊ नये. प्रवासात गांडुळे तापतात आणि निम्मी मरून येतात, पण त्याहून मोठे कारण पाण्याचे आहे. दूरच्या पाण्यातले लहान मासे, कोळंबी किंवा ते ज्या पाण्यातून येतात ते पाणीच आपल्या जलाशयात गेले, तर त्यांच्याबरोबर परके जीव आणि रोग येतात व पुन्हा बाहेर काढता येत नाहीत. लहान दुकानात जवळपासचेच आमिष मिळते, आणि त्या पाण्यात कोणत्या आमिषाला किंवा शिशाच्या वजनाला बंदी आहे, हेही दुकानदाराला बहुधा ठाऊक असते. इंग्लंड आणि वेल्समध्ये 1987 पासून 0.06 ते 28.35 ग्रॅम वजनाची शिशाची वजने वापरण्यास मनाई आहे, कारण हंस ती गिळून मरत होते. उरलेले आमिष पाण्यात सोडू नये आणि डब्यातले पाणी काठापासून दूर कोरड्या जमिनीवर ओतावे. गांडुळे ओल्या मातीत, सावलीत, झाकणाला बारीक भोके पाडलेल्या डब्यात ठेवली, तर पुढच्या फेरीपर्यंत जिवंत राहतात.