डीएसएलआरच्या मागच्या स्क्रीनला तडा गेलाय. सोलापुरात दुरुस्त होईल का, की घरीच बदलता येईल?

तुम्ही लिहिलंय की कॅमेरा कॅनन १५००डी आहे, गड्ड्यावर (सिद्धेश्वराच्या यात्रेत) गर्दीत धक्का लागून पडला, स्क्रीनला कोपऱ्यातून तडा गेला आणि फोटो मात्र निघतायत. नवी पेठेतल्या मोबाइलवाल्याकडे द्यावा की घरी उघडावा, हा तुमचा प्रश्न. पण तडा कुठल्या थरात आहे ते तुम्ही सांगितलेलं नाही, आणि खर्च काय, घरी जमेल का, हे सगळं त्यावरच ठरतं.

सगळ्यात वर स्क्रीनगार्ड, लावला असेल तर. त्याखाली पारदर्शक खिडकी, म्हणजे पडद्याचं संरक्षण करणारी पातळ काच किंवा प्लास्टिक. मग बारीकशी पोकळी, खरा एलसीडी म्हणजे चित्र दाखवणारा पडदा, आणि त्याच्या पाठीमागे उजेड देणारा बॅकलाइट. आधी स्क्रीनगार्डचा एक कोपरा नखाने उचलून बघा. तडा फक्त त्यालाच गेलेला असणं फार कॉमन आहे, आणि तसं असेल तर पुढचं वाचायचीही गरज नाही.

गार्ड काढूनही तडा दिसतोय? मग कॅमेरा चालू करून प्लेबॅकचं बटण दाबा. तड्याखालचं चित्र स्वच्छ असेल तर फुटलीय ती फक्त खिडकी. शाई सांडल्यासारखा काळा डाग, उभ्याआडव्या रेषा किंवा रंगीत पट्टे दिसले तर एलसीडी गेला. पडदा नुसताच पांढरा असेल आणि आत तडा नसेल, तर बहुधा पडताना रिबन, म्हणजे पडद्याला बोर्डाशी जोडणारी चपटी वायर, कनेक्टरमधून सरकलीय. काळ्या पडद्यावर तिरकी टॉर्च मारल्यावर फिकट चित्र दिसलं तर एलसीडी ठीक, बॅकलाइट बंद. एक सोलापुरी अपवादही सांगून ठेवतो. एप्रिल-मेमध्ये पारा ४२ च्या पुढे असताना बंद गाडीत राहिलेल्या कॅमेऱ्याचा पडदा काळवंडतो. तो फुटलेला नसतो, सावलीत गार झाला की पूर्ववत होतो.

लगेच करायची कामं दोनच. तड्यावर रुंद सेलोटेप लावा, म्हणजे काचेचे कण बोटात किंवा बटणांच्या फटीत जाणार नाहीत. आणि कार्ड काढून फोटो कॉपी करून घ्या.

दुरुस्तीची घाई नसेल तर कॅमेरा तसाही वापरता येतो. व्ह्यूफाइंडरमध्ये शटर, अ‍ॅपर्चर, आयएसओ सगळं दिसतं. मेनूसाठी टीव्हीला जोडा, पण केबल मिनी एचडीएमआयची घ्या. दुकानात पुष्कळदा मायक्रो एचडीएमआय किंवा यूएसबी-सी हातात ठेवतात आणि ती बसत नाही. लॅपटॉपला जोडायला मिनी यूएसबी लागते, जुन्या मोबाइलची मायक्रो चालत नाही. कॅननचं ईओएस युटिलिटी हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं, त्यात लाइव्ह व्ह्यू (लेन्समधलं थेट चित्र) लॅपटॉपवर दिसतो. स्टुडिओत किंवा टेबलावर वस्तूंचे फोटो काढणाऱ्याचं एवढ्यावर भागतं. नान्नजला माळरानावर काळविटांमागे फिरणाऱ्याचं भागणार नाही, कारण काढलेला फोटो जागेवर तपासता येत नाही.

फक्त खिडकी फुटली असेल तर ते घरी जमण्यासारखं आहे, कारण ती कडेने दुहेरी टेपवर चिकटवलेली असते. बॅटरी काढा. हेअर ड्रायर लांब धरून कडा गरम करा. हाताला चटका बसेल इतकं नको. मग प्लास्टिकची पातळ पट्टी किंवा गिटारची पिक कोपऱ्यातून आडवी सरकवा. दोन-तीन मिलीमीटरच्या पुढे घुसवू नका, खाली लगेच एलसीडी आहे आणि बरेचसे एलसीडी इथेच जातात. जुना गोंद आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, कापडावर घेऊन, थेट ओतून नाही. नवी खिडकी बसवण्याआधी एलसीडीवरची धूळ सेलोटेपने टिपून घ्या. तोंडाने फुंकर मारली की थुंकीचे ठिपके आत अडकतात. पंखा बंद ठेवा. घराशेजारी लूम चालत असेल तर हे काम तिथे करूच नका, सुताचा एक तंतूही काचेखाली ठसठशीत दिसतो.

एलसीडी बदलायचा तर कॅमेरा उघडावा लागतो, आणि तिथे पहिला धोका फ्लॅशचा. त्याचा कपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारा भाग, सुमारे ३०० व्होल्ट धरून ठेवतो, बॅटरी काढली तरी बराच काळ. स्क्रू ड्रायव्हरने शॉर्ट करू नका, ठिणगी उडून बोर्ड जातो. १ ते २ किलोओहम, ५ वॉटचा रेझिस्टर इन्सुलेटेड वायरींना जोडून कपॅसिटरच्या दोन्ही टोकांवर काही सेकंद धरा, नंतर मल्टिमीटरने डीसी व्होल्टेज मोजा. मल्टिमीटर हाताळता येत नसेल तर कॅमेरा उघडू नका, हे मी स्पष्टच सांगतो.

स्क्रू जेआयएस (जपानी मानक) पद्धतीचे असतात. साधा फिलिप्स स्क्रू ड्रायव्हर घसरून त्यांची डोकी खातो. काढलेले स्क्रू कागदावर कॅमेऱ्याचं चित्र काढून त्या-त्या जागी टेपने चिकटवा. लांबी वेगवेगळी असते आणि लांब स्क्रू छोट्याच्या जागी गेला तर तो बोर्डात घुसतो. मागचं कव्हर सुटलं म्हणून ओढू नका, आत रिबन जोडलेली असते. कनेक्टरचं लॉक कुठल्या बाजूने उघडतं ते भिंगातून बघा, नखाने हलकेच उचला आणि मगच रिबन काढा. लॉक तुटलं तर स्वस्तातली दुरुस्ती महाग होते.

नवा डिस्प्ले मागवताना नुसतं मॉडेलचं नाव पुरत नाही. जुन्याच्या रिबनवर छापलेला नंबर जुळवा आणि बॅकलाइटसकट आहे का ते विचारा. जुना काढल्यावर पत्र्याची चौकट सपाट आहे का तेही बघा. पडताना ती वाकलेली असेल तर नवा पडदा त्याच कोपऱ्यातून पुन्हा तडकतो. स्क्रू जास्त आवळल्यानेही तेच होतं.

मागचं कव्हर पूर्ण बसवण्याआधी बॅटरी घालून तपासा. बॅटरीचं झाकण उघडं असेल तर कॅमेरा चालूच होत नाही, आणि माणूस उगाच घाबरतो.

आता नवी पेठ. मोबाइलवाल्यांचा हात रिबनवर बसलेला असतो, त्यामुळे फुटलेली खिडकी त्यांच्याकडे द्यायला हरकत नाही. दोनच गोष्टी सांगा: गोंद फक्त कडेला लावायचा, पूर्ण पडद्यावर यूव्ही गोंद (अतिनील प्रकाशात सुकणारा) ओतायचा नाही. एलसीडीसाठी मात्र कॅमेरे उघडणाराच माणूस गाठा आणि फ्लॅशचा कपॅसिटर डिस्चार्ज कसा करता, हे विचारा. उत्तर गुळमुळीत आलं तर कॅमेरा परत पिशवीत. मग पुण्यात दुरुस्तीची चौकशी करा. वॉरंटी शिल्लक असली तरी पडून फुटलेलं त्यात सहसा बसत नाही, पण बाहेर उघडलात तर उरलेलीही जाते.

खिडकी म्हणजे शेकड्यांतलं काम, डिस्प्ले हजारांतलं. मजुरीसकट आकडा तशाच जुन्या बॉडीच्या (लेन्सशिवायच्या कॅमेऱ्याच्या) किमतीच्या एक तृतीयांशापुढे गेला तर मी दुरुस्ती करणार नाही, जुनी बॉडी बघेन. तुमच्या लेन्स तिच्यावर चालतीलच. आणि बी-७००० गोंदाने खिडकी चिकटवली तर हलक्या रबरबँडने दाबून २४ ते ४८ तास ठेवा. तोवर कॅमेरा गळ्यात घालून बाहेर काढू नका.