सूज दिसत तर नाही जी

"मॅडम, रिपोर्टात सूज लिहून आहे म्हणते. मले तर कुठीच दिसत नाही."

काटोलकडच्या या ताई नागपुरात माझ्याकडे आल्या तेव्हा कागद प्लास्टिकच्या पिशवीत होता, रेशनकार्डाला चिकटून. (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदललेत.) वय सत्तेचाळीस, नवरा तीन वर्षांपूर्वी वारलेला, कामाला कापसाची वेचणी नाहीतर संत्र्याची तोडणी. रिपोर्टात हाय सेन्सिटिव्हिटी सीआरपी (दाह दाखवणारी रक्ततपासणी) ६.२. डॉक्टरांनी तपासून साखरेची (मधुमेहाची) गोळी दिली आणि सांगितलं, टेन्शन घेऊ नका. "मी का हौसेनं घेऊन राहिली जी? आन् टेन्शननं रक्त बिघडते का? का मोठा आजार लपवून राहिले?"

हा प्रश्न मला महिन्यातून दोन-चारदा तरी ऐकू येतो. सीआरपी हे यकृतात तयार होणारं प्रथिन. शरीरात कुठेही दाह, म्हणजे रिपोर्टातली ती आतली सूज, असला की ते वाढतं, पण कुठे आणि कशानं हे सांगत नाही. हृदयविकाराच्या दृष्टीनं ३ च्या वर म्हणजे धोका जास्त. १० च्या वर गेलं तर आधी जंतुसंसर्ग वगैरे शोधायचा. साधी सर्दीही आकडा चढवते, म्हणून दोन आठवड्यांनी पुन्हा तपासतात. नुसत्या या आकड्यावरून कॅन्सर ठरत नाही, हे ऐकल्यावर त्यांनी पदर जरा सैल केला.

ताणाचं म्हणाल तर, कॉर्टिसॉल हे संप्रेरक एरवी दाह आवरतं. ताण महिनोन्महिने हटला नाही की पेशी त्याचं ऐकेनाशा होतात. पण सगळं मनावर ढकलणंही मला पटत नाही. सिलिंडर रिकामं, चुलीत पऱ्हाट्या (कापसाची वाळलेली झाडं), घरभर धूर. दिवसाला दोन खर्रे (तंबाखू-सुपारीचं मिश्रण), हिरड्यांतून रक्त. गटाच्या कर्जाचा हप्ता दर आठवड्याला, त्याच्या आदल्या रात्री झोप नाही. यातली एकेक गोष्ट दाह वाढवू शकते.

आणि मी काय सांगितलं? पहाटे वीस मिनिटं प्राणायाम! त्या खळखळून हसल्या. चारला उठून पाणी, स्वयंपाक, सहाला वेचणीची गाडी. बोंडांनी ओरखडलेली बोटं टेबलावर ठेवून म्हणाल्या, "वीस मिन्टं कुठून आणू, तुमीच सांगा." मला उत्तर सुचलं नाही.

मग वही काढली आणि घरात काय येतं, काय जातं ते मांडलं. संजय गांधी निराधार योजनेत विधवांना महिन्याला १५०० रुपये मिळतात. त्यांनी अर्जच केला नव्हता. नवऱ्याच्या मृत्यूचा दाखला होता, उत्पन्नाचा नव्हता. दोन फेऱ्या, दोन दिवसांची मजुरी बुडणार म्हणून राहून गेलेलं. गावातल्या आशा कार्यकर्ती ताईंना फोन लावला. दाखला आणि अर्ज, दोन्ही कामं एकाच दिवशी बसवली, दातांची तपासणीही त्याच दिवशी. रात्री फारच जीव घाबरला तर टेलीमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ मोबाइलमध्ये टाकून दिला.

दुसऱ्या तपासणीत ४.८ आलं. मी खूश झाले नाही, आकडा इतका खालीवर होतोच. खर्रा सुटला नाही, दोनाचा एक झालाय. अर्जाची पोच मात्र पिशवीत सगळ्यात वर होती. तिसरी तपासणी आम्ही वेचणी संपल्यावरची धरली आहे.