गाय वेळेवर माजावर येते, पण दर वेळी उलटते. हार्मोनचं इंजेक्शन द्यावं का?

तुम्ही लिहिलंय की गाय दुसऱ्या वेताची आहे, व्यायल्याला पाच महिने होत आले, तीनदा भरवली (रेतन केलं) आणि तिन्ही वेळा उलटली, म्हणजे गाभण न राहता पुन्हा माजावर आली. आता कुणीतरी हार्मोनचं एक इंजेक्शन द्यायला सांगितलंय. ते द्यावं का, आणि ही हार्मोन्स आत जाऊन नेमकं करतात काय, हा तुमचा प्रश्न.

मी पशुवैद्यक आहे आणि माझे निम्मे दिवस अशाच गाईंमागे जातात. गोठ्यात शिरल्यावर मी आधी एकच गोष्ट विचारतो: तिन्ही माजांच्या तारखा लिहून ठेवल्यात का? गाय वेळेवर माजावर येतेय म्हणजे तिचं चक्र चालू आहे, ही चांगली बातमी आहे. बिघाड त्या चक्रात नक्की कुठे आहे हे बहुतेक वेळा दोन माजांमधल्या दिवसांवरून कळतं. ते दिवस मोजल्याशिवाय इंजेक्शन देणं मला पटत नाही.

आत काय चालतं ते आधी सांगतो. मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाचा भाग असतो. तिथून जीएनआरएच हे हार्मोन थोड्याथोड्या वेळाने, ठोक्याठोक्याने सुटतं. फक्त दहा अमिनो आम्लांची साखळी, पण कत्तलखान्यांतून आणलेल्या डुकरांच्या आणि मेंढ्यांच्या मेंदूंचे लाखो तुकडे गाळून मग कुठे 1971 मध्ये तिची रचना हाती आली. शॅली आणि गिलमाँ या शास्त्रज्ञांना अशा कामासाठी 1977 चं नोबेल मिळालं. हे हार्मोन शेजारच्या पिट्युटरी ग्रंथीला हलवतं, ती एफएसएच आणि एलएच ही दोन हार्मोन्स रक्तात सोडते, आणि अंडाशयावर पाण्याच्या फोडासारखी पुटकं वाढू लागतात. त्यांतलं एक बाकीच्यांना मागे टाकून मोठं होतं आणि भरपूर इस्ट्रोजेन तयार करतं. गाय हंबरते, चारा सोडते, दुसरीला अंगावर चढू देत स्थिर उभी राहते, सोट (योनीतून लोंबणारा चिकट स्राव) टाकते, ते सगळं या इस्ट्रोजेनमुळे. त्याच सुमारास एलएचची मोठी लाट उसळते आणि माज सुरू झाल्यापासून साधारण 28 ते 30 तासांनी पुटक फुटून बीज सुटतं.

म्हणजे बीज सुटतं तेव्हा माज ओसरून गेलेला असतो. गाय पहिल्यांदा हंबरली की लगेच रेतन करायची घाई अनेक जण करतात. शुक्रजंतूंना आत गेल्यावर फळवण्याजोगं व्हायला काही तास लागतात आणि गोठवलेल्या रेतमात्रेतले जंतू जेमतेम दिवसभर टिकतात. सुटलेलं बीज तर त्याहून कमी वेळ ताजं राहतं. म्हणून सकाळी माज दिसला तर संध्याकाळी, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी भरवायचं. हा नियम 1940 च्या दशकातला आहे आणि अजून टिकून आहे. फक्त वेळ मोजायची ती गाय चढवून घेत स्थिर उभी राहिली तेव्हापासून. ती नुसती अस्वस्थ दिसली तिथून मोजलं तर सगळं लवकर होतं.

पुटक फुटलं की त्याच जागी पीतपिंड तयार होतं. गुदमार्गातून हात घालून अंडाशय चाचपलं की ते बोटाला कळतं. पुटक गुळगुळीत आणि दाबलं तर किंचित दबणारं, पीतपिंड मात्र घट्ट, यकृताच्या तुकड्यासारखं, अंडाशयाबाहेर बोराएवढं डोकं काढून बसलेलं. ते प्रोजेस्टेरॉन सोडतं आणि या हार्मोनच्या अमलाखाली नवा माज येत नाही. गर्भाशय शांत राहतं, गर्भाला पोसायच्या तयारीला लागतं.

तुमच्या प्रश्नाचा खरा गाभा माजानंतरच्या सोळाव्या दिवसाच्या आसपास आहे. गर्भ आहे की नाही हे गर्भाशयाला आपोआप कळत नाही. काहीच निरोप आला नाही तर ते प्रोस्टाग्लँडिन सोडतं. हे रसायन फुफ्फुसांतून एकदा फिरलं की बहुतेक निकामी होतं, म्हणून शरीराने वाट जवळची ठेवली आहे: गर्भाशयाच्या शिरेतून ते थेट तिला बिलगून गेलेल्या अंडाशयाच्या धमनीत झिरपतं. पीतपिंड विरतं, प्रोजेस्टेरॉन उतरतं आणि एकविसाव्या दिवशी गाय पुन्हा माजावर. गर्भ असेल तर तोवर तो गोल राहिलेला नसतो, धाग्यासारखा लांब पसरलेला असतो, आणि इंटरफेरॉन टाऊ नावाचं प्रथिन सोडून प्रोस्टाग्लँडिन अडवतो. तो नाजूक धागा आईच्या अख्ख्या चक्राला थांबवतो. इतकी वर्षं हे काम करूनही मला याचं नवल वाटतं. (डुकरीत हाच निरोप इस्ट्रोजेन देतं आणि तो पोचायला निदान चार गर्भ लागतात. शरीराने एकाच गरजेला किती वेगवेगळ्या वाटा काढल्यात!)

आता तुमच्या तारखा घ्या. अंतर 18 ते 24 दिवसांचं असेल तर एकतर बीज फळलंच नाही, किंवा फळलं पण निरोप द्यायच्या आधीच गर्भ गेला. तेव्हा रेतनाची वेळ आणि गर्भाशयाची स्वच्छता तपासायची. पुढच्या माजात सोट तळहातावर घेऊन उजेडात बघा. अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखा स्वच्छ आणि न तुटता लोंबणारा असेल तर ठीक. पांढुरके कण किंवा गढूळपणा दिसला तर आत जंतुसंसर्ग आहे, आणि अशा गाईला कितीही चांगली रेतमात्रा दिली तरी वाया जाते. सोट स्वच्छ दिसला तरी दाह आत लपलेला असू शकतो, म्हणून तपासणी टाळू नका.

अंतर 25 ते 35 दिवसांचं असेल तर गर्भ धरला होता, निरोपही दिला होता, पण पुढे टिकला नाही. उन्हाचा ताण, ताप, संसर्ग अशी कारणं तेव्हा शोधावी लागतात. चाळीस-बेचाळीस दिवस असतील तर मधला माज तुमच्या नजरेतून सुटला. आणि पंधरा दिवसांच्या आतच पुन्हा माज दिसला, तर दोनांपैकी एक खरा माज नव्हता, किंवा अंडाशयावर गाठ आहे.

माजानंतर दोनेक दिवसांनी शेपटीला रक्त दिसलं म्हणून घाबरून फोन करणारेही पुष्कळ असतात. इस्ट्रोजेन उतरल्यावर गर्भाशयाच्या अस्तरातून थोडं रक्त येतं, एवढंच. त्यावरून गाय राहिली किंवा उलटली असं काहीच सांगता येत नाही. माज नजरेतून सुटला असेल तर मात्र त्या रक्ताचा उपयोग होतो: तिथून अठरा-एकोणीस दिवसांनी गाईवर बारीक लक्ष ठेवा.

इंजेक्शनकडे येतो. 'हार्मोनचं इंजेक्शन' म्हणजे तीन अगदी वेगळी औषधं असू शकतात. बीज उशिरा सुटत असेल तर रेतनाच्या वेळी जीएनआरएच दिल्याने एलएचची लाट वेळेवर येते. तुमच्या गाईच्या तारखा नीट 21 च्या आसपास असतील आणि सोट स्वच्छ असेल तर याचा विचार करण्यासारखा आहे. प्रोजेस्टेरॉनची योनीत ठेवायची पट्टी मुख्यतः माजावरच न येणाऱ्या गाईसाठी. तिसरं प्रोस्टाग्लँडिन, माज आणण्यासाठी. ते जिवंत पीतपिंडावरच काम करतं. माजानंतरच्या पहिल्या पाच दिवसांत पीतपिंड त्याला दाद देत नाही, आणि गाय गाभण असेल तर ते गर्भ पाडतं.

ते मी स्वतः केलेलं आहे. नोकरीचं पहिलं वर्ष होतं. मालक म्हणाले, गाय खाली आहे, तीन महिन्यांपूर्वी भरवली होती पण राहिली नाही. मी घाईत फक्त अंडाशय चाचपलं, पीतपिंड लागलं, आणि गर्भाशय नीट न तपासता प्रोस्टाग्लँडिन दिलं. चौथ्या दिवशी त्यांनी मला बोलावून गव्हाणीशेजारी पडलेला गर्भ दाखवला. तळहातावर मावेल एवढा, चारही खूर उमटलेले. मालक रागावले नाहीत, त्याने मला आणखी वाईट वाटलं. तेव्हापासून मालकाने शपथेवर सांगितलं तरी गर्भाशय तपासल्याशिवाय मी ते औषध भरत नाही. काही गाई गाभण असतानाही माज दाखवतात, म्हणून 'माजावर आली म्हणजे खालीच आहे' हेही गृहीत धरू नका.

गाय व्यायल्यावर खूप खंगली होती का, हेही डॉक्टरांना सांगा. दूध जास्त आणि खाणं कमी पडलं की रक्तातलं इन्सुलिन उतरतं, जीएनआरएचचे ठोके मंदावतात, पुटकं आणि पीतपिंड दोन्ही अशक्त बनतात. ते इंजेक्शनने भरून निघत नाही, वैरण आणि खुराकानेच निघतं.

आणि घरात कुणी गरोदर बाई किंवा दमेकरी असेल तर प्रोस्टाग्लँडिनच्या बाटलीला त्यांचा हात लागू देऊ नका. ते कातडीतूनही शरीरात जातं. हातावर सांडलं तर लगेच साबणाने धुवा.