वाचकांचे प्रश्न : सहा सिस्टिम, एक डेटा मॉडेल

प्रश्न : घोडबंदर रोड परिसरात आमची ब्रॉडबँड सेवा आहे. सीआरएम (ग्राहकांच्या नोंदी), बिलिंग, प्रोव्हिजनिंग (कनेक्शन चालू-बंद करणं), इन्व्हेंटरी, तक्रार नोंदणी आणि पेमेंट या सहा सिस्टिम थेट एकमेकींना जोडल्यात. एकीत बदल केला की दुसरी बंद पडते. टीएम फोरम या दूरसंचार उद्योगाच्या संघटनेचं एसआयडी हे सामायिक डेटा मॉडेल घ्यायचं तर सगळे डेटाबेस बदलावे लागतील का?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : डेटाबेसला हात लावू नका. सामायिक मॉडेल लागतं ते सिस्टिममधल्या देवाणघेवाणीपुरतं. सहाजणींच्या थेट जोड्या 15 होतात. मधे एक मॉडेल ठेवलं की अ‍ॅडॅप्टर, म्हणजे सिस्टिमची भाषा मॉडेलच्या भाषेत बदलणारे दुवे, फक्त 6.

अख्खं एसआयडी उतरवायला बसू नका, ते कधी संपत नाही. पार्टी (व्यक्ती किंवा संस्था), ग्राहक, बिलिंग अकाउंट, प्रॉडक्ट, सर्व्हिस, रिसोर्स एवढंच उचला. निरोपांचा साचा टीएम फोरमच्या ओपन एपीआयमध्ये, म्हणजे सिस्टिमनी एकमेकींशी बोलायच्या ठरलेल्या पद्धतींमध्ये, तयार मिळतो : कॅटलॉगला टीएमएफ620, ऑर्डरला टीएमएफ622, अकाउंटला टीएमएफ666.

खरा घोळ पार्टी, ग्राहक आणि बिलिंग अकाउंट या तिघांत असतो. घरचं कनेक्शन वडिलांचं, दुकानातलंही त्यांचंच, पण दुकानाचं बिल मुलाच्या फर्मला. सीआरएमला यात एक ग्राहक दिसतो, बिलिंगला दोन अकाउंट, प्रोव्हिजनिंगला दोन युजरनेम. सगळ्यांना मोबाइल नंबरने बांधलंत तर नंबर बदलताच दुवा तुटेल. मॉडेलचा स्वतंत्र, कशाचाही अर्थ न सांगणारा आयडी ठेवा आणि प्रत्येक सिस्टिमचे जुने आयडी एका क्रॉस-रेफरन्स टेबलात त्याच्यासमोर मांडा.

प्रॉडक्ट म्हणजे 100 एमबीपीएसचा प्लॅन, सर्व्हिस म्हणजे त्यामागचं चालू इंटरनेट कनेक्शन, रिसोर्स म्हणजे घरातला ओएनटी (फायबरच्या ग्राहकाकडच्या टोकाचं उपकरण) आणि ओएलटीवरचा (कंपनीकडच्या टोकाचं उपकरण) पोर्ट. हे एकाच नोंदीत कोंबलं की ओएनटी बदलल्यावर नवं कनेक्शन तयार होतं आणि बिल दोनदा निघतं.

स्टेटससोबत कारणही पाठवा. थकबाकीमुळे बंद आणि ग्राहकाने स्वतः तात्पुरतं बंद ठेवलेलं, दोन्ही नुसतं 'सस्पेंडेड' म्हणून गेलं तर पेमेंट आल्यावर दुसरंही आपोआप सुरू होतं. मग तक्रार येतेच.

वेळ यूटीसीपासूनच्या (जागतिक प्रमाणवेळ) फरकासकट लिहा. 1 एप्रिलला पहाटे 2 वाजता सुरू झालेलं कनेक्शन यूटीसीत 31 मार्च, 20:30 दिसतं. हा फरक (ऑफसेट) गळाला तर ते मागच्या आर्थिक वर्षात जाऊन बसतं. रकमेबरोबर 18 टक्के जीएसटी धरला आहे की नाही, हेही वेगळ्या फील्डमध्ये हवं.

सुरुवात एकाच प्रवाहाने करा : नवी ऑर्डर, सीआरएमपासून पहिल्या बिलापर्यंत. बाकीच्या थेट जोड्या तोवर तशाच चालू द्या.

प्रश्न : मॉडेलमध्ये नवी फील्ड आली की दरवेळी नवी आवृत्ती काढायची का?
— एक वाचक, महापे

उत्तर : ऐच्छिक फील्ड असेल तर नको. मात्र अनोळखी फील्ड आली तर ती सोडून पुढे जायचं, हे प्रत्येक अ‍ॅडॅप्टरला आधीच शिकवलेलं हवं. फील्ड सक्तीची झाली किंवा जुनीचा अर्थ बदलला तर नवी आवृत्ती काढाच, आणि शेवटची सिस्टिम हलेपर्यंत दोन्ही चालवा. स्टेटसच्या यादीत नवं मूल्य घालणं वरवर निरुपद्रवी दिसतं. पण बिलिंगने ते ओळखलं नाही तर ऑर्डर निमूट अडकून राहते. अशा नोंदी वेगळ्या रांगेत टाका आणि ती रांग रोज कोण बघणार, ते नावानिशी ठरवा.